सोन्याचा मुलामा आणि पाऱ्याची वाफ

आपली देवापुढची समई पितळेची. चिंच लावून घासली की लखलखते, चार दिवसांनी पुन्हा काळवंडते. अठराव्या शतकातल्या फ्रेंच सरदारांच्या शमादानांना मात्र चिंच ठाऊक नव्हती. असं का, ते आज पाहू.

शमादान म्हणजे अनेक मेणबत्त्यांची उभी दिवटी. बैठक संगमरवराची; तीवर ब्राँझचा कलश किंवा वस्त्र नेसलेली स्त्री, आणि तिथून वेलीसारख्या फुटलेल्या तीन-चार फांद्या. ही घडण जुन्या रोमची. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं पाँपेई शहर १७४८ पासून खणलं जाऊ लागलं, आणि युरोपला त्या प्राचीन वळणाचं वेड लागलं. त्याच पाँपेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३च्या उत्खननात निघाली! म्हणजे ते गाव आपल्याला अगदीच परकं नाही.

आता मुलाम्याकडे वळू. पारा सोन्याला धरून ठेवतो. सराफ्यातली माती धुऊन सोन्याचे कण वेचणारे आपले झारेकरी पाऱ्याचा हाच गुण कामी लावीत. फ्रेंच कारागीर सोन्याची पूड पाऱ्यात कालवून लोण्यासारखा लगदा करी, तो ब्राँझवर चोपडी आणि वस्तू निखाऱ्यावर धरी. पारा उडून जाई, सोनं चिकटून राही. मग अकीकाच्या दगडानं घोटून काही भाग चकचकीत करायचा, काही मुद्दाम मंद ठेवायचा. सोनं काळवंडत नाही, म्हणून घासण्याचं कारणच उरत नसे.

पण उडालेला पारा जाई कुठे? कारागिराच्या छातीत. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. हिरड्या सुजत, दात हलत, आणि ज्या हातांवर पोट, तेच हात थरथरू लागत. मंद झळाळीच्या मुलाम्यासाठी नावाजलेला पिएर गुतिएर दीर्घायुषी ठरला खरा. पण बड्या गिऱ्हाइकांची येणी बुडाली आणि १८१३ साली तो दारिद्र्यात वारला. १८४० नंतर विजेच्या साह्यानं मुलामा देण्याची रीत पसरली, तेव्हा कुठे ही पाऱ्याची भट्टी मागे पडली.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात फ्रेंच कलावस्तूंचं दालन आहे. कधी गेलात तर तिथली सोनेरी झळाळी जरूर पाहा; आणि ती चढवताना ज्यांचे हात कापू लागले, त्यांचीही आठवण ठेवा.