आईच्या घड्याळाला चावी

मागच्या महिन्यात दर्यापूरहून एका ताईंचा फोन आला. त्यांची आई शाळेत शिक्षिका होती. आईने पहिल्या पगारांतून पैसे साठवून एचएमटीचं ‘सुजाता’ घेतलं होतं, चावीचं, लहानशा तबकडीचं. आई गेल्यावर ते कपाटात पडून राहिलं. मुलगा म्हणतो, भंगारात दे, मी तुला नवं आणतो. ताईंनी विचारलं, दुरुस्त करू की सोडून देऊ? आमच्या गटातल्या निम्म्या जणींच्या घरी असं एखादं बंद घड्याळ निघालं, म्हणून आजचा विषय हाच.

आधी थोडं जुनं. बंगलोरला एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने 1961 साली मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्याआधी चांगलं घड्याळ म्हणजे स्विस, आणि ते साहेबांच्या हाताला. जनता, पायलट, सोना, कोहिनूर ही नावं मग घराघरांत आली. देवनागरी आकड्यांच्या तबकड्याही निघाल्या आणि अंध व्यक्तींसाठी बोटांनी चाचपून वेळ कळेल अशी ब्रेल घड्याळंसुद्धा. आपल्याकडे मात्र ते घड्याळ बहुतेक वेळा नवरदेवाच्या हाताला गेलं. घड्याळ, सायकल, रेडिओ ही मागणी आपल्या आईवडिलांनी ऐकलेली आहे. हुंडाबंदीचा कायदाही 1961 चाच, हे सहज आठवलं म्हणून सांगतो! त्यामुळे स्वतःच्या पगारातून घेतलेलं बाईचं घड्याळ आम्हाला जरा वेगळं वाटतं. पुढे 1987 पासून टायटनची सेलची घड्याळं दुकानांत आली, चावीची मागे पडली, आणि एचएमटीचा घड्याळांचा विभाग बंद करायला केंद्र सरकारने जानेवारी 2016 मध्ये मंजुरी दिली.

चावीचं घड्याळ चालतं कसं? चावी फिरवली की आत एका डबीत गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग आवळली जाते. ती हळूहळू सुटते आणि चाकं फिरवते. एकदम सुटू नये म्हणून बॅलन्स नावाचं चाक असतं. ते केसासारख्या बारीक स्प्रिंगवर इकडून तिकडे झोके घेतं आणि प्रत्येक झोक्याला एकच दाता पुढे सोडतं. ‘जनता’मध्ये हे सेकंदाला पाच वेळा होतं, म्हणजे दिवसाला 4,32,000 वेळा. पाळण्याची दोरी ओढत राहावी तसं ते दिवसरात्र चालतं. तबकडीवर 17 ज्वेल्स लिहिलेलं असतं, ते झिजू नये म्हणून बसवलेले कृत्रिम माणकाचे बारीक खडे. सोनाराकडे नेऊन त्यांचे पैसे येत नाहीत, आमच्यातल्या एकीने विचारून पाहिलंय.

आता खरं बोलायचं तर अचूक वेळ हवी असेल तर सेलचं घड्याळ घ्यावं. त्यातला क्वार्ट्‌झचा तुकडा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, त्याच्याशी चावीच्या घड्याळाची बरोबरी नाही. चांगल्या स्थितीतलं जुनं घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट मागेपुढे झालं तर ते बिघडलं असं समजू नका. दिवसाचे सेकंद 86,400 असतात, त्यात तीसचा फरक. नाडी मोजणाऱ्या आमच्या नर्सताईला त्याने काही अडत नाही. मोबाइल काढायला हात मोकळे नसतात तेव्हा मनगटच कामी येतं, असं तीच सांगते.

जुनं घड्याळ विकत घ्यायचं असेल तर इथे जपून. आमच्यातल्या एकीने फोटो पाहून एक ‘अगदी नवंकोरं’ जुनं घड्याळ मागवलं. तबकडी पोपटी, काटे चकचकीत. आठवडाभरात बंद पडलं. अकोल्यात एका जुन्या घड्याळवाल्या भाऊंनी उघडून दाखवलं तर तबकडी रंगवलेली, काटे दुसऱ्याच घड्याळाचे, आतली यंत्रणा तीन घड्याळांची मिळून एक. भाऊ म्हणाले, “ताई, नवी दिसते म्हणून घेऊ नका. जुनी घडी जुनीच दिसाले पाहिजे.” तेव्हापासून आम्ही तबकडीवरची अक्षरं भिंगाने पाहतो. शाई पसरलेली असेल, मिनिटांच्या रेघा कमीजास्त असतील, तर ती रंगवलेली. मागचं झाकण समोर उघडून दाखवायला सांगावं. दुकानदार कुरकुर करत असेल तर पुढचं दुकान गाठावं. चावी देताना खरखर लागू नये. घड्याळ कानाशी धरावं, आधी तबकडी वर करून, मग खाली करून. दोन्हीकडे टिकटिक सारखी यायला हवी. एका बाजूला अडखळली तर बॅलन्सची टोकं झिजलेली असण्याची शक्यता मोठी. आणि पैसे देण्याआधी एक रात्र चालवून पाहायला मागा. ओळखीचा दुकानदार असेल तर देतो.

घरातलं घड्याळ असेल तर आम्ही म्हणू, आधी दाखवून घ्या. वर्षानुवर्षं बंद घड्याळाला उगाच चावी देत बसू नका. आतलं तेल वाळून गोंदासारखं झालेलं असतं, कोरडंच फिरवलं तर टोकं झिजतात. बरेचदा नुसत्या साफसफाई-तेलपाण्याने ते सुरू होतं. भाग तुटला असेल तर मात्र बायकांच्या लहान घड्याळांचं अवघड. यंत्रणा इवलीशी, सुटे भाग मिळत नाहीत, तसंच दुसरं बंद घड्याळ शोधून त्यातला भाग काढावा लागतो. अशा वेळी खर्च आधी विचारा आणि जुने भाग परत मागून घ्या.

चालू झालं की रोज एकाच वेळी चावी द्या, सकाळच्या चहाच्या वेळी म्हणा. हातातून काढून द्या, आणि चावी अडली की थांबा, पुढे जोर लावू नका. पूर्ण चावीवर दीड दिवसाच्या आसपास चालतं. एचएमटीचं ‘कांचन’ हे ऑटोमॅटिक, ते हाताच्या हालचालीने आपोआप भरतं, पण चार दिवस पेटीत ठेवलं तर तेही थांबणारच. काचेवर ओरखडे असतील तर घाबरू नका. ‘जनता’सारख्या घड्याळांची काच खरं म्हणजे प्लॅस्टिकची असते. कापसावर थोडी पांढरी टूथपेस्ट घेऊन हळू घासली की बरीच साफ होते. पाणी मात्र आत जाऊ देऊ नका. धुणीभांडी करताना आणि कपाशीच्या वावरात घड्याळ घरीच बरं. आपल्या उन्हाळ्यात घामानेही मागचं झाकण गंजतं, रात्री कोरड्या फडक्याने पुसावं.

आणखी एक, जे आम्हाला उशिरा कळलं. घड्याळ अचानक तासाला मिनिट-दोन मिनिटं पुढे पळायला लागलं तर ते लोहचुंबकाचं काम असू शकतं. स्पीकर, मोबाइलचं चुंबकाचं कव्हर, पर्सचं चुंबकाचं बटण. केसासारखी स्प्रिंग तिच्या वेढ्यांना चिकटते आणि झोके लहान होतात. घड्याळवाल्याकडे एक यंत्र असतं, त्याने मिनिटभरात उतरतं. सगळं उघडून घ्यायची गरज नाही, कोणी तसं सांगत असेल तर आधी हेच करायला सांगा.

दर्यापूरच्या ताईंनी घड्याळ अकोल्याला नेलं. बॅलन्सचं टोक तुटलेलं निघालं. भाऊंनी तीन आठवडे लावले, एका मोडक्या ‘सुजाता’तून भाग काढून बसवला, आणि तबकडी रंगवायची का विचारलं. ताई नको म्हणाल्या. आईच्या घामाने बाराच्या आकड्याजवळ डाग पडलाय, तो तसाच आहे. दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. चावी देताना त्या रेडिओच्या वेळेवर लावून घेतात.