निवृत्तांचे इक्वेडोर : क्वेंका की विल्काबांबा?

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मिळणारे निवृत्तिवेतन स्वदेशात अपुरे पडते, पण तेवढ्याच रकमेत एखाद्या गरीब देशात सुखाने राहता येते, या हिशेबाने श्रीमंत देशातील वृद्ध परदेशी कायमचे वास्तव्य करतात, तेव्हा त्या प्रवाहाला ‘निवृत्ती-स्थलांतर’ असे म्हणता येईल. मेक्सिको, थायलंड आणि फिलिपीन्स यांच्याप्रमाणे दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर हा देशही या प्रवाहाचे एक मोठे ठिकाण बनला आहे. त्यातील क्वेंका हे शहर आणि विल्काबांबा हे खेडे यांची तुलना केली असता असे दिसते, की शहर की खेडे ही निवड केवळ घरभाड्याची आणि हवामानाची नसते; उतारवयात आधार कोठून मिळणार आणि त्या आधाराची किंमत कोण मोजणार, हे दोन प्रश्न तिच्या मुळाशी असतात.

इक्वेडोरकडे उत्तर अमेरिकेतील निवृत्तांचा ओढा वाढण्यामागे एक आर्थिक कारण आहे. १९९९ मध्ये तेथील बँका कोसळल्या, ठेवी गोठवल्या गेल्या आणि २००० मध्ये सरकारने ‘सुक्रे’ हे स्वतःचे चलन मोडीत काढून अमेरिकी डॉलर स्वीकारला. याच संकटामुळे क्वेंकाच्या आसपासच्या अझ्वाय आणि कान्यार प्रांतांतील असंख्य तरुण अमेरिकेत आणि स्पेनमध्ये मजुरीसाठी गेले, तर डॉलरमध्ये निवृत्तिवेतन घेणाऱ्या अमेरिकी वृद्धांना विनिमयदराची चिंता न करता राहता येईल असा देश त्यातूनच उपलब्ध झाला. एकाच संकटाने धडधाकट माणसे उत्तरेकडे लोटली आणि वृद्धांना दक्षिणेकडे बोलावले. मॅथ्यू हेज या समाजशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘ग्रिंगोलँडिया’ या ग्रंथात या उफराट्या प्रवाहाचा अभ्यास केला आहे. महाग देशात मिळवलेला पैसा स्वस्त देशात खर्चून जीवनमान उंचावणे म्हणजे दोन देशांमधील विषमतेचा लाभ घेणे होय, हे त्यांच्या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

क्वेंका हे अँडीज पर्वतातील, समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० मीटर उंचीवरचे आणि चार नद्यांच्या काठी वसलेले शहर आहे. त्याच्या जुन्या भागाला १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. येथे विद्यापीठे आहेत, मोठी सरकारी व खाजगी रुग्णालये आहेत, विमानतळ आहे आणि २०२० पासून ट्रामही धावते. या सोयींचे खरे महत्त्व निवृत्तीच्या पहिल्या वर्षांत लक्षात येत नाही, कारण पासष्टीचा निरोगी माणूस स्वतः गाडी चालवतो, चढ चढतो आणि वर्षातून एखाद्या वेळीच डॉक्टरकडे जातो. पंचाहत्तरीनंतर मात्र दृष्टी मंदावते, गाडी सोडावी लागते आणि हृदयविकाराच्या झटक्यात रुग्णालयापर्यंतचे अंतर मिनिटांत मोजावे लागते. अमेरिकी वृद्धांची ‘मेडिकेअर’ ही सरकारी आरोग्यविमा योजना काही थोडे अपवाद वगळता देशाबाहेरच्या उपचारांचा खर्च देत नाही, त्यामुळे परवडणारे उपचार जवळ असणे ही त्यांची पहिली गरज ठरते. तथापि शहरालाही मर्यादा आहेत. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे तीनचतुर्थांशच असतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. म्हणून फुप्फुसाचा किंवा हृदयाचा जुना विकार असलेल्यांनी तेथे स्थायिक होण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे आहे.

विल्काबांबा हे लोखा शहराच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, १५०० मीटर उंचीच्या उबदार दरीत वसलेले काही हजार वस्तीचे गाव आहे. त्याची कीर्ती पसरली ती तेथील माणसे शंभरी सहज ओलांडतात या समजुतीमुळे. हार्वर्डमधील वैद्यक-संशोधक अलेक्झांडर लीफ यांनी १९७३ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकात या दीर्घायुषी खेड्याविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष तिकडे वळले; परंतु रिचर्ड मॅझेस आणि सिल्व्हिया फोरमन यांनी जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासून १९७९ मध्ये दाखवून दिले, की वृद्ध आपली वये फुगवून सांगत होते आणि गावात शंभर वर्षांची एकही व्यक्ती नव्हती. तरुण मंडळी कामासाठी बाहेर गेल्यामुळे गावात वृद्धांचे प्रमाण अधिक दिसत होते. शास्त्राने समजूत खोडून काढली, तरी ‘दीर्घायुष्याची दरी’ हे नाव जमिनीच्या व्यवहारात टिकून राहिले.

विल्काबांबाच्या प्रश्नाचा गाभा जमिनीत आहे. या दरीत पूर्वी ‘हासिएंदा’ म्हणजे मोठ्या जमीनदारांच्या जहागिऱ्या होत्या आणि त्यांवर कुळे राबत असत. १९६४ च्या जमीनसुधारणा कायद्यानंतर यांतील अनेक कुटुंबांना स्वतःचे तुकडे मिळाले. परदेशी खरेदीदार आल्यावर त्या तुकड्यांची किंमत उसाच्या किंवा मक्याच्या उत्पन्नावर न ठरता डोंगराच्या देखाव्यावर ठरू लागली. ज्यांनी जमीन विकली त्यांना रोख पैसा मिळाला, पण त्यांच्या पुढच्या पिढीला त्याच गावात शेत घेणे अशक्यप्राय झाले आणि तिच्यापुढे बागकाम, बांधकाम व घरकाम यांची मजुरी उरली. शहरातही परदेशी मागणीमुळे जुन्या भागातील घरे महागतात आणि गरीब भाडेकरूंना जागा सोडावी लागते, हे नाकारता येणार नाही; मात्र शहरात घराबरोबर उपजीविका जातेच असे नाही, खेड्यात मात्र जमीन गेली की निवारा आणि रोजगार या दोन्हींचा पाया जातो.

परदेशी वृद्धाच्या बाजूनेही खेड्यातील आधार वेगळ्या प्रकारचा असतो. शहरात परिचारिका, टॅक्सी, दुभाषी आणि औषध घरी पोहोचवणारा माणूस या सेवा पैसे देऊन मिळतात, परंतु खेड्यात अडचणीच्या वेळी धावून येतो तो शेजारी, आणि शेजार विकत घेता येत नाही. स्पॅनिश न शिकता, कुंपणाआड स्वतःच्याच देशबांधवांत राहणाऱ्याला गावचा शेजार लाभत नाही. गंभीर दुखण्यात विल्काबांबाच्या रहिवाशाला लोखा गाठावे लागते आणि पावसाळ्यात डोंगरी रस्त्यांवर दरडी कोसळतात. २०२४ च्या दुष्काळात जलविद्युत प्रकल्पांचे पाणी आटून देशभर दिवसाला चौदा तासांपर्यंत वीज बंद राहिली, तेव्हा शहर आणि खेडे दोन्ही अंधारात होते; अशा वेळी प्राणवायूचे यंत्र वापरणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने जनित्र असलेले रुग्णालय किती दूर आहे यालाच महत्त्व येते.

यजमान देशाने या पाहुण्यांशी उदारपणे व्यवहार केला आहे. २००८ च्या राज्यघटनेनुसार स्थलांतराच्या स्थितीवरून कोणाही माणसाला बेकायदेशीर मानता येत नाही आणि पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना प्रवासभाड्यासह अनेक सवलतींचा हक्क आहे. या सवलतींचा भार मात्र अशा देशावर पडतो, जेथील असंख्य वृद्धांना स्वतःचे निवृत्तिवेतन मिळत नाही आणि ज्यांची मुले परदेशात आहेत.

कोकणातील वाचकाला या चित्राचा काही भाग ओळखीचा वाटेल, कारण तेथेही तरुण मुंबईला गेले, वृद्ध मागे राहिले आणि अलीकडे सुट्टीच्या घरांसाठी जमिनींचे भाव गावकऱ्यांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागले. फरक इतकाच, की महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी सामान्यतः खरेदीदार शेतकरी असावा लागतो, तर इक्वेडोरमध्ये परदेशी माणसालाही बहुतेक ठिकाणी ती घेता येते.

या तुलनेतून निघणारा निष्कर्ष व्यावहारिक आहे आणि नैतिकही. निवृत्तीचे ठिकाण पहिल्या दहा वर्षांच्या उमेदीवर निवडू नये. दुसऱ्या दहा वर्षांच्या परावलंबनाचा विचार करून निवडावे, आणि त्या दृष्टीने बहुतेकांसाठी मध्यम आकाराचे शहरच सुरक्षित ठरते. ज्यांना खेड्याचीच ओढ आहे त्यांनी तेथील भाषा आधी शिकावी, भाड्याने राहून गावाचे सगळे ऋतू अनुभवावेत आणि शेताची जमीन शेतकऱ्याच्या हाती राहू द्यावी. परक्या भूमीत वार्धक्य सन्मानाने जावे अशी ज्याची अपेक्षा आहे, त्याने त्या भूमीवरील माणसांचे वार्धक्यही त्यांच्याच गावात, त्यांच्याच घरात सन्मानाने जाईल याची काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य ठरते.