सहा आठवडे, सहाशे किलोमीटर

टेक्सासमधल्या डॅलसला राहणाऱ्या बाईला गर्भपात करून घ्यायचा असेल, तर तिच्या राज्यात आज ती सोय नाही. उत्तरेला कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात आहे. अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहून अमरावती गाठावी इतकं. अमेरिकेत गर्भपात करून घेणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका आधीच आई असतात. त्यामुळे गाडी, रजा, पैसे यांच्या आधीचा प्रश्न असतो तो घरातली मुलं कुणाकडे ठेवायची हा.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३च्या ‘रो’ निकालानंतरही प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होतेच, पण त्यांना एक मर्यादा होती. गर्भ आईच्या पोटाबाहेर जगू शकेल इतका वाढण्याआधी कोणत्याही राज्याला गर्भपातावर सरसकट बंदी घालता येत नव्हती. २४ जून २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने ‘डॉब्स’ खटल्यात ही मर्यादा काढून टाकली. तेरा राज्यांनी ‘रो’ रद्द होताच लागू होतील असे कायदे आधीच करून ठेवले होते. ॲरिझोनात तर १८६४चा, ते राज्य होण्याच्याही आधीचा कायदा २०२४मध्ये न्यायालयाने लागू ठरवला. विधिमंडळाला तो घाईने रद्द करावा लागला.

जॉर्जिया आणि फ्लोरिडात मुदत सहा आठवड्यांची आहे. ऐकताना ती बरी वाटते. पण हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. चक्र अठ्ठावीस दिवसांचं असेल, तर पाळी चुकली हे कळतं तोवर चार आठवडे सरलेले असतात. हाती उरतात दोन. ज्यांची पाळी अनियमित, त्यांच्या हाती तेवढेही नाहीत. फ्लोरिडात त्या दोन आठवड्यांत दोनदा दवाखाना गाठायचा आणि दोन भेटींमध्ये किमान चोवीस तास जाऊ द्यायचे.

बंदी असलेल्या राज्यांतही आईच्या जिवाला धोका असेल तर अपवाद आहे. पण धोका पुरेसा आहे हे नेमकं कधी म्हणायचं? टेक्सासमध्ये चूक ठरली तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. मग ताप चढलेली बाई समोर असताना डॉक्टर आधी रुग्णालयाच्या वकिलाला फोन लावतात. मला या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत भयंकर वाटतं ते हे वाट पाहणं.

भारतात मात्र १९७१चा गर्भपाताचा कायदा संसदेने केला. त्यामागच्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. सोयी कमीजास्त असतील, पण कायदा नंदुरबारला एक आणि सुरतेला दुसरा असं होत नाही. ह्यूस्टन किंवा अटलांटात संसार थाटलेल्या आपल्या मुलींना ही राज्याची वेस नवीन आहे.

आणि ही वेस पक्कीही नाही. देशातले निम्म्याहून अधिक गर्भपात आता गोळ्यांनी होतात, आणि गोळ्या टपालानेही येतात. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांनी परराज्यात गोळ्या पाठवणाऱ्या आपल्या डॉक्टरांना कायद्याने संरक्षण दिलं आहे. २०२५च्या सुरुवातीला लुइझियानाने अशा गोळ्यांवरून न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरवर फौजदारी खटला भरला. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकुल यांनी त्या डॉक्टरला ताब्यात द्यायला साफ नकार दिला. एकाच देशातली दोन राज्यं अशी समोरासमोर उभी आहेत. देशातल्या गर्भपातांचा एकूण आकडा मात्र घटला नाही, २०२३मध्ये तो दहा लाखांच्या वर गेला. ज्यांना प्रवास जमला नाही, गोळ्याही मिळाल्या नाहीत, त्या बायका या आकड्यात दिसत नाहीत.

प्रश्न राज्यांकडे गेला की लोकच ठरवतील, असं सांगितलं जात होतं. लोकांनी ठरवलंही. रिपब्लिकनांच्या कॅन्ससमध्ये ऑगस्ट २०२२ला सुमारे ५९ टक्के मतदारांनी राज्यघटनेतला गर्भपाताचा हक्क काढू दिला नाही. फ्लोरिडात २०२४ला ५७ टक्के मतं हक्काच्या बाजूने पडली, पण तिथे साठ लागतात, म्हणून हक्क मिळाला नाही. त्याच दिवशी मिझुरीच्या मतदारांनी बंदी उठवून हक्क राज्यघटनेत लिहिला. सहा महिन्यांत, मे २०२५ला, तिथल्या विधिमंडळाने तो हक्क काढून टाकण्याचा प्रस्ताव त्याच मतदारांपुढे पुन्हा ठेवायचा ठराव केला.