डिलिव्हरीची गाडी आणि दोन मिनिटांचं काम



माझ्या दुकानाचं दुसरं वर्ष होतं. हप्त्यावर घेतलेली सेकंड हँड व्हॅन, दिवाळीचा आठवडा, मागे गच्च माल. रस्त्यात डॅशबोर्डवर किटलीच्या आकाराचा लाल दिवा लागला. मी म्हटलं, एवढा माल पोचवू, मग बघू. चार-पाच किलोमीटरवर इंजिन जाम! मेकॅनिकने ऑइलची पट्टी बाहेर काढली, तर टोकालासुद्धा ऑइल नव्हतं.

इंजिनचा खर्च झालाच. पण ऐन सीझनमध्ये गाडी अकरा दिवस बंद राहिली आणि दोन कायमची गिऱ्हाइकं गेली. ती आजतागायत परत आलेली नाहीत. म्हणून सांगतो, गाडीवर धंदा असेल तर हे काम स्वतःला यायलाच हवं.

ऑइल कसं बघायचं?

गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. ऑइल खाली उतरायला तेवढा वेळ लागतो. आता बॉनेट उघडा. काही व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तिथे सीट उचलावी लागते. पिवळ्या किंवा केशरी कडीची पट्टी दिसेल, तीच डिपस्टिक. बाहेर काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते खरं धरू नका, पट्टीला वरपर्यंत ऑइल लागलेलं असतं.

पट्टीवर खाली आणि वर अशा दोन खुणा असतात. ऑइल दोन्हींच्या मध्ये असेल तर ठीक. खालच्या खुणेजवळ आलं असेल तर टाकायची वेळ झाली.

रंगावर लगेच जाऊ नका. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर लवकरच काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट मिसळत असू शकतं. गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा.

टाकताना काय सांभाळायचं?

ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेली असते, उदाहरणार्थ 5डब्ल्यू-30. दुकानदार म्हणतो "सगळं सारखंच असतं", पण तुम्ही पुस्तिकेवरच चाला. इंजिनवरचं ऑइलचं झाकण उघडा, नरसाळं लावा आणि पाव लिटरच्या आसपासच टाका. थोडं थांबा, पट्टी बघा, लागलं तर पुन्हा टाका. वरच्या खुणेच्या पुढे जायचं नाही. जास्त ऑइल म्हणजे जास्त काळजी, असं नसतं. क्रँकशाफ्ट त्यात घुसळला जातो, फेस होतो आणि वंगण नीट पोचत नाही. शेवटी झाकण घट्ट लावा, पट्टी जागेवर बसवा.

आणि तो लाल दिवा?

तो बहुतेक गाड्यांत ऑइलचा दाब कमी झाल्याचं सांगतो. म्हणजे ऑइल कमी व्हायला लागल्यावर तो लागेलच, या भरवशावर राहू नका. आणि गाडी चालू असताना लागला, तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "एवढी एक डिलिव्हरी" नाही!

आता धंद्याचं बोलू

एक वही करा. तारीख, किलोमीटर, किती ऑइल टाकलं, एवढंच लिहा. दर आठवड्याला एक ठरलेला वार, आणि एक ठरलेला माणूस. सगळ्यांवर सोपवलेलं काम कोणीच करत नाही. पूर्वी दोन महिन्यांनी लागणारं ऑइल दर पंधरवड्याला लागायला लागलं, तर गळती आहे किंवा इंजिन ऑइल जाळतंय. वही ते तुम्हाला आधी सांगते, मेकॅनिकचं बिल नंतर.

शिवाय डिलिव्हरीचा भाव काढताना आपण फक्त पेट्रोल धरतो. ऑइल, सर्व्हिसिंग, टायर हेही त्यात धरा. नाहीतर नफा वाटतो, तो गाडीच खात असते.

आज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर एकदा पट्टी काढून बघा. भेटू पुढच्या व्हिडिओत!