मस्जिदीच्या वेषातले थिएटर

अमेरिकेच्या अटलांटा शहरात पीचट्री रस्त्यावर एक इमारत आहे. फिक्या आणि गडद विटांचे आडवे पट्टे, कांद्याच्या आकाराचा घुमट, मिनार, कमानींची रांग. तिचे छायाचित्र आम्ही घरात दाखवले, तेव्हा एका चिमुरड्याने विचारले, "इथे वुजू कुठे करतात?" आम्हाला हसू आले, पण त्याचे काही चुकले नव्हते. दारावरच्या पाटीवर मात्र नमाजाच्या वेळा नाहीत, रात्रीच्या गाण्याच्या कार्यक्रमाचे नाव असते. हे फॉक्स थिएटर.

एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमधल्या काही फ्रीमेसन मंडळींनी 'श्राइनर्स' नावाची संघटना काढली. अरबांशी त्यांचा संबंध केवळ हौसेचा. लाल तुर्की टोपी घालायची, एकमेकांना सलाम करायचा आणि आपल्या शाखांना अरबी वाटतील अशी नावे द्यायची. न्यूयॉर्कच्या शाखेचे नाव तर 'मक्का टेंपल'! त्यांचे तिथले सभागृह आज सिटी सेंटर नावाचे नाट्यगृह आहे. रिचमंडमध्ये त्यांनी बांधलेले सभागृह कित्येक वर्षे 'द मॉस्क' याच नावाने ओळखले जाई, आणि लोक 'मॉस्क'मध्ये नाच-गाणी पाहायला तिकीट काढून जात. आपल्याला हे वाचून राग यावा की हसू, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र याच लोकांनी 1922 पासून अपंग मुलांसाठी दवाखाने उभे केले, हेही सांगायला हवे.

अटलांटाच्या शाखेचे नाव 'याराब टेंपल'. 1920च्या दशकात त्यांनी या भव्य इमारतीचा घाट घातला, पण खर्च आवाक्याबाहेर गेला. तेव्हा सिनेमाचे बडे व्यापारी विल्यम फॉक्स यांना सभागृह भाड्याने देऊन त्यांनी गाडा पुढे ढकलला. 25 डिसेंबर 1929 रोजी थिएटर उघडले. पडद्यावर मिकी माउस होता आणि बाहेर महामंदी. दोनच महिन्यांपूर्वी शेअर बाजार कोसळला होता. तीन वर्षांच्या आत थिएटरचे दिवाळे निघाले.

आत शिरलेल्या माणसाला मात्र मंदीची आठवणही राहू नये, अशी सजावट. 4,600हून अधिक खुर्च्या, आणि प्रेक्षक जणू एखाद्या अरबी किल्ल्याच्या अंगणात, उघड्या आभाळाखाली बसलेला. छतावर 96 तारे लुकलुकतात, यंत्राने ढग सरकवले जातात. बाल्कनीवर बदाऊनी तंबूसारखे पट्ट्यापट्ट्यांचे छप्पर दिसते. ते कापड नाही, गिलावा आणि पोलाद आहे. त्यामुळे मागे बसलेल्यालाही मंचावरचा आवाज नीट पोचतो. बाजूचा दिवाणखाना मात्र फिरऔनच्या इजिप्तचा! तुतनखामनची कबर 1922 मध्ये सापडली होती आणि त्या वेडाने सारी अमेरिका झपाटली होती. मूसा अलैहिस्सलामांच्या शत्रूचा दरबार आणि मस्जिदीची कमान एकाच छताखाली, हे पाहणाऱ्याला खटकले कसे नाही? बहुधा त्यांना दोन्ही सारखेच 'पूर्वेकडचे' वाटत असावे.

पण आमच्या मनात घर करून राहिली ती एक साधी गोष्ट. या इमारतीच्या बाहेरच्या अंगाला एक जिना आहे. कृष्णवर्णीय प्रेक्षकाला मुख्य दारातून प्रवेश नव्हता. वेगळ्या खिडकीवर तिकीट घ्यायचे, बाहेरचा जिना चढायचा आणि भिंतीने अलग केलेल्या सर्वांत वरच्या सज्जात बसायचे. ज्या मस्जिदीचा आकार उसना घेतला, तिथे बादशहा आणि गुलाम एका सफेत उभे राहतात. घुमट तेवढा नेला, सफ नेली नाही. साठच्या दशकात ही पद्धत बंद झाली.

1970च्या दशकात सिनेमाचा धंदा बसला आणि टेलिफोन कंपनीने मुख्यालयासाठी ही जागा मागितली. इमारत पाडायची ठरली. तेव्हा शहर उठले. शाळकरी मुलांपासून गायकांपर्यंत सगळे 'फॉक्स वाचवा' म्हणू लागले. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन यांच्याच कारकिर्दीत हा लढा झाला. 1975 मध्ये अटलांटा लँडमार्क्स ही संस्था निघाली, 18 लाख डॉलरचे कर्ज काढले आणि ते 1978 मध्ये मुदतीआधी फेडलेसुद्धा. टेलिफोन कंपनीचा मनोरा मागच्या बाजूला उभा राहिला. 1976 मध्ये ही इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा ठरली. ज्यांना एके काळी मुख्य दार बंद होते, त्यांची मुले-नातवंडे आता त्याच दारातून आत येतात. प्रिन्स या कृष्णवर्णीय गायकाची अखेरची मैफल एप्रिल 2016 मध्ये इथेच झाली. त्यानंतर आठवड्याभरात तो वारला.

जिना अजून आहे. आणि त्याच अटलांटात, चौदाव्या रस्त्यावर, अल-फारूक मस्जिद आहे. तिचे मिनार हौसेचे नाहीत. चिमुरड्याला आम्ही तिचे छायाचित्र दाखवले आणि सांगितले, वुजू तिथे करतात.