अष्टमीची कुमारिका आणि केडगावचे मुक्तिसदन

आश्विन शुद्ध प्रतिपदेला पारशिवनीत घट बसतात, सप्तशतीचे पाठ होतात आणि अष्टमीस कुमारिकेचे पाय धुऊन तिला देवी मानून जेवू घातले जाते. रीत मंगल खरी. परंतु नवमी उलटल्यावर त्या कुमारिकेचे काय, हाही प्रश्न धर्माचाच आहे. त्यासाठी ज्या विदुषीने आयुष्य वेचले, तिचे आज आम्ही स्मरण करीत आहोत.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. तीर्थोतीर्थी पुराण सांगणारे ते कुटुंब, म्हणजे आम्हां कथेकऱ्यांच्याच पंथातले. दुष्काळाने त्यांचे आईबाप हिरावले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. पुढे वैधव्य आले आणि १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी काढलेले शारदासदन पुण्यास गेले. तेथे १८९३ साली धर्मांतराच्या शंकेने वादळ उठले. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची व्यथा आम्हांस कळते. आश्रयाचे मोल म्हणून श्रद्धा मागू नये, असेच आमचेही मत आहे.

परंतु पुढचे ऐकावे. नागपूर ज्याची राजधानी होती, त्या मध्य प्रांतात १८९६-९७ साली दुष्काळ पडला. अन्नाविना वणवणणाऱ्या मुली व विधवा यांना आसरा देण्यास रमाबाई तेथवर आल्या आणि शेकडोंना घेऊन गेल्या. पुणे जिल्ह्यात केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. प्रार्थनेच्या जोडीला तेथे विहिरी, शेती, विणकाम व छापखाना होता. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविली जाई. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. ती संस्था आजही चालू आहे.

हिंदू समाजानेही यातून धडा घेतला. शारदासदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विवाह केला व १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापिला.

उपासनेचा मार्ग रमाबाईंचा त्यांना, आपला आपल्याला. तरी आपल्या प्रांताच्या लेकींना आसऱ्यासाठी केडगाव गाठावे लागले, ही बोच आम्हां कथेकऱ्यांच्या मनास लागलीच पाहिजे. म्हणून वाचकहो, यंदा पाय धुतलेल्या कुमारिकांपैकी एकीच्या शाळेचा वर्षभराचा खर्च उचलावा. आणि हळदीकुंकवाच्या वेळी जी विधवा माउली आतल्या खोलीत बसते, तिला बाहेर बोलावून पहिली ओटी तिची भरावी. जगदंबेस तो नैवेद्य खचित पावेल.