कुट्टूतला कडूपणा

नवरात्र जवळ आलं की मुंबई-पुण्याच्या दुकानांत राजगिरा-शिंगाड्याच्या पिठाशेजारी कुट्टूच्या पिठाची पाकिटं दिसू लागतात. आपला उपवास वरई-साबुदाण्याचा; कुट्टू उत्तरेकडचं. आता मात्र ‘अँटिऑक्सिडंटने समृद्ध’ अशी त्याची ख्याती आपल्याकडेही पोचली आहे. ती खोटी नाही. पण नेमक्या कोणत्या कुट्टूची, हे आधी विचारायला हवं.

कुट्टू हे गवतकुळातलं धान्य नव्हे. ते आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलं. म्हणून त्यात ग्लुटेन नसतं. लागवडीखालच्या त्याच्या जाती दोन. हिमाचल-उत्तराखंडात गोड जातीला ओगल म्हणतात आणि कडू जातीला फाफर. क्योटो विद्यापीठाचे ओमी ओनिशी यांना ओगलाचा रानटी पूर्वज चीनच्या युनान प्रांतात सापडला.

कुट्टूची सारी कीर्ती मुख्यतः रुटिन या फ्लॅव्होनॉइडवर उभी आहे. हे द्रव्य १८४२ मध्ये न्युरेंबर्गचे औषधनिर्माते ऑगस्ट वाइस यांनी प्रथम वेगळं केलं, तेही आपल्या परसात असणाऱ्या सतापीतून. पुढे १९४०च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेने नाजूक केशवाहिन्यांवरचं औषध म्हणून त्याचा अभ्यास केला आणि ते काढायला कुट्टूची हिरवी झाडं वापरली. पाना-फुलांत रुटिन भरपूर असतं. दाण्यात मात्र दोन जातींमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे: ओगलात सुमारे ०.०१ टक्का, तर फाफरात ०.८ ते १.७ टक्के. शंभरपट! रुटिन अतिनील किरण शोषून घेतं, त्यामुळे उंच डोंगरांवरच्या प्रखर उन्हात झाडाला ते उपयोगी पडतं.

मग सगळे फाफरच का पिकवत नाहीत? कारण त्याचा कडूपणा. आणि हा कडूपणा फार विलक्षण आहे. फाफराच्या दाण्यातच रुटिन तोडणारं विकर असतं. पीठ पाण्यात भिजवलं की ते जागं होतं, थोड्याच वेळात रुटिनमधली साखर सुटते, क्वेर्सेटिन उरतं आणि पीठ कडू होतं. दाणे आधी वाफवले तर विकर निकामी होतं आणि रुटिन टिकतं. जपानी संशोधकांनी तर हे विकर जवळजवळ नसलेला ‘मानतेन-किरारी’ हा वाणच तयार केला.

परीक्षानळीत मुक्त मूलकांना नमवणारं द्रव्य पोटात गेल्यावर तेवढंच काम करतं असं नाही. रुटिन लहान आतड्यात फारसं शोषलं जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते फोडतात, तेव्हा कुठे क्वेर्सेटिन रक्तात पोचतं. परीक्षानळीतल्या अशा आकड्यांचा जाहिरातींत होणारा गैरवापर पाहून अमेरिकी कृषी खात्याने २०१२ मध्ये आपली अँटिऑक्सिडंट-क्षमतेची सूची मागे घेतली. माणसांवरचे प्रयोग थोडे आहेत. स्वीडनमधल्या पाळणाघरांत काम करणाऱ्या ६२ स्त्रियांना दोन्ही जातींची बिस्किटं आळीपाळीने दिली गेली. फाफराच्या बिस्किटांनी दाहाशी निगडित मायलोपेरॉक्सिडेज घटलं. एकूण कोलेस्टेरॉल उतरलं, पण त्यासोबत चांगलं मानलं जाणारं एचडीएलही उतरलं. आणि हे दोन्ही जातींची बिस्किटं मिळून दिसलं. एवढ्यावर औषधाचा दावा करणं मला गैर वाटतं.

आपल्याकडच्या पाकिटावर ओगल की फाफर हे सहसा लिहिलेलंच नसतं. ते लिहिलं जावं, असा आग्रह ग्राहकांनी धरायला हवा. घरी पीठ आणाल तर दळल्याची तारीख पाहा, खवट वास येत असेल तर टाकून द्या. आणि कुट्टूची ॲलर्जी काहींना जिवावर बेतण्याइतकी तीव्र असते, म्हणून पहिल्यांदा खाताना थोडंच खा.